कपेलउतारावरची अर्धी माळ

३० नोव्हेंबर, संत अंद्रियाचा सण

रीडमाटनला बिऱ्हाड लागलं. घाटात गाडी कुठे अडली नाही आणि बरण्यांपैकी एकच फुटली, तीही जरदाळूच्या मुरांब्याची नव्हे, बिटाची. देवाची कृपा. माझं माहेरचं खोरं इथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, पण बोली एवढी बदलते की दूधवालीने मला प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायला लावलं. अल्बान, माझा नवरा, म्हणाला, झेंझी, तुला इथे दुभाष्या लागणार, आणि मी काही ते फुकट करणार नाही.

अल्बानला रोपवेवर यंत्राचं काम मिळालं, म्हणून हे घर. लार्चच्या लाकडाचं, उन्हाने काळं पडलेलं, पण कोरडं ठणठणीत. स्वयंपाकघरात दगडी भट्टी आणि तिच्याभोवती बसायला बाक. सकाळी तीन ओंडके टाकले की संध्याकाळपर्यंत पाठ शेकते. लाकूड वाचेल.

घराबरोबर एक काम आलंय, ते माझं. मागच्या कुरणात मोजखांब आहे. रोज सकाळी सातला त्याच्यावर बर्फाची उंची बघायची, फळीवर रात्रीत पडलेला नवा बर्फ मोजायचा, थंडी, वारा, आभाळ टिपायचं आणि बर्फकचेरीला फोनवर सांगायचं. महिन्यातून दोनदा उतारावर खड्डा खणून आतले थर तपासायचे. त्यावरून कचेरी रोजचं पत्रक काढते आणि स्कीला येणारे लोक ते वाचून ठरवतात, आज वर जायचं की खाली बसून गरम चॉकलेट प्यायचं. आधी हे काम गेनोवेवा नावाची बाई करायची. ती या शरद ऋतूत वारली. देव तिला विसावा देवो.

हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती. टाकून कशाला द्यायची, म्हणून ही रोजनिशी.

४ डिसेंबर, संत बार्बराचा सण

चेरीची फांदी तोडून पाण्यात ठेवली. नाताळला फुलेल. मोजखांबावर त्रेचाळीस सेंटिमीटर.

शेजारची लेओनी आत्या आज राईची भाकरी घेऊन आली. सगळं गाव तिला आत्याच म्हणतं. ऐंशीच्या पुढची, पण जिभेला हाड नाही. माझे पडदे बघून म्हणाली, हे काय, सासूच्या परकराचे केलेस का. मी म्हटलं, हो, आणि उरलेल्याचे हातपुसणे. तेव्हापासून आमचं जमलं.

मी तिला शिक्षणाबद्दल सांगितलं. इथे येण्याआधी नोव्हेंबरात कचेरीने आम्हा नव्या लोकांना दोन दिवस शिकवलं होतं. खड्ड्याच्या भिंतीत बर्फाचा चौकोनी स्तंभ कापायचा, त्यावर फावड्याचं पातं ठेवायचं आणि ठोके द्यायचे. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. कितव्या ठोक्याला स्तंभ आतून तुटतो ते लिहायचं. लवकर तुटला तर खाली एखादा कच्चा थर दबा धरून आहे. थंडीत माझी मोजणी चुकायची. म्हणून मी प्रत्येक ठोक्याला एक नमो मारिया म्हणायला लागले. जपमाळेत पाच रहस्यं, म्हणजे पाच भाग, प्रत्येकाला दहा मणी, म्हणजे ठोक्यांची तीन रहस्यं होतात. शिकवणारा तरुण हसला. आकडा बरोबर आला की झालं, बाई, म्हणाला.

लेओनी आत्या हसली नाही. तिने विचारलं, खड्डा कुठे खणणार. कपेलउताराच्या कडेला, डोंगराच्या दांड्यावर, गेनोवेवाच्या जागीच, असं मी सांगितलं. तर म्हणे, गेनोवेवा तिथे ठोक्याठोक्याला बकऱ्या मोजायची. एक बकरी, दोन बकऱ्या, मोठ्याने. मला ते आवडलं नाही. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत, पण रोज चर्चमध्ये मिस्सेला जाणाऱ्या बाईने देवाचं नाव सोडून बकऱ्या?

१५ डिसेंबर

पहिला खड्डा. उतार गावाच्या डोक्यावरच आहे, रुंद, झाडाविना, खाली शिकाऊ मुलांची स्कीची वाट. कपेलउतार नाव, पण कपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, कुठेच नाही. दांडा मात्र उंच आणि पक्का. ऊन होतं. भाकरी आणि चीजचा तुकडा खिशात.

जमिनीलगत साखरेसारखा दाणा, मुठीत धरला तर गळून जातो. शिकवलं होतं तसाच, कच्चा थर. माळ मनगटाला गुंडाळून ठोके दिले. तेविसाव्याला स्तंभ तुटला. तिसरं रहस्य पुरं करून थांबले, फावडं उभं केलं, आणि उतार वुम्म झाला.

हा आवाज शिकवलेला आहे. आतला थर बसतो, हवा निघते, पायाखाली सगळं बोटभर खचतं. इथले लोक त्याला उतार उसासला म्हणतात. भीती वाटावी असाच आवाज, पण आपण त्यासाठीच तर तिथे असतो. घरी येऊन कचेरीला सगळं सांगितलं. फोनवरची बाई म्हणाली, छान निरीक्षण.

संध्याकाळी लेओनी आत्याने एकच विचारलं. माळ पुरी केलीस की तिथेच सोडलीस? मी म्हटलं, ठोके तीसच असतात. ती उठून गेली. भाकरीचा टोपलाही विसरली.

६ जानेवारी, तीन राजांचा सण

फांदी फुलली नाही. मोजखांबावर एकशे अठरा. दरवाजावर खडूने तीन राजांची अक्षरं काढली.

पहिल्या तारखेचा खड्डा वाऱ्यामुळे राहिला होता, तो आज. बाविसाव्याला तुटला. ठोका देताना मी प्रार्थनेचा पुढचा अर्धा भाग म्हणते, नमो मारिया, कृपापूर्णे. मागचा अर्धा भाग चर्चमध्ये सगळे मिळून म्हणतात, पवित्र मारिये, देवाच्या माते. एकटी असले की दोन्ही मीच म्हणते. आज दुसऱ्या रहस्यात माझ्या लक्षात आलं, मी पुढचाच अर्धा म्हणतेय. मागचा मला म्हणावा लागत नव्हता.

कान टोपीत होते, वारा होता, असं आधी लिहिलं होतं. खोडलं. वारा नव्हता. आवाज खालून येत होता, बर्फातून, पुष्कळ तोंडांचा, गोधडीत तोंड घालून म्हणावं तसा.

तिसरं रहस्य संपलं आणि मी गप्प झाले. खालचे थांबले नाहीत. ठोक्यांनी विचारत राहिले. चौथं कुठे.

मी फावडं उचललं आणि चालत खाली आले. पळाले नाही. लिहून ठेवते, पळाले नाही.

८ जानेवारी

अल्बानला सांगितलं. म्हणाला, तू आता बर्फाची सुईण झालीस, पोट वाजवून बघतेस आणि आतून लाथ आली की घाबरतेस. हसू आलं मला. पण मग तो भट्टीच्या बाकावर बसला आणि उठला. दगडातून ठोके येताहेत का, असं त्यानेच विचारलं. मी म्हटलं, दगड तापतोय. तो लांबच्या खुर्चीवर जाऊन बसला.

१५ जानेवारी

आज खड्ड्यावर बकऱ्या मोजल्या. गेनोवेवा, मला क्षमा कर. पण उपयोग नाही, एकदा ऐकल्यावर ते बकऱ्यांना फसत नाहीत. एक बकरी म्हटलं की खालून, पवित्र मारिये. अठराव्याला तुटला.

उतारावर ताज्या बर्फात खळगे आहेत. जोडीजोडीने, ओळीत, एकामागे एक ओळ. कचेरीच्या बाईला सांगितलं. वाऱ्याची नक्षी असेल, म्हणाली. वारा जोडीने खळगे पाडतो का, मी विचारलं. ती म्हणाली, बाई, वारा काहीही करतो. मी गुडघे टेकून बघितलं. माझे गुडघे बरोबर बसले.

लेओनी आत्याकडे गेले आणि म्हटलं, आता सांग, नाहीतर तुझ्या भाकऱ्या इथेच ठेवते. तिने सांगितलं. तिच्या आजीच्या वेळी तिथे कपेल होतं. मेणबत्त्यांच्या सणाला संध्याकाळी सगळे माळ म्हणत होते. तिसरं रहस्य संपलं होतं, चौथं सुरू व्हायचं होतं, आणि उतार आला, सगळा बर्फ कपेलवर. माणसं मिळाली, पुरली. पण माळ अर्धी राहिली. तेव्हापासून त्या उतारावर कुणी देवाचं नाव घेत नाही. पोरं शीळ घालतात, बायका बकऱ्या मोजतात, म्हातारे शिव्या देतात. पुढचं म्हणणारा कुणी मिळाला की ते मागचं म्हणणार. आणि माळ संपली की, झेंझी, माणसं गुडघ्यावरून उठतात. ते एकटे उठणार नाहीत. उतार घेऊन उठतील.

मी म्हटलं, हे मला डिसेंबरात का नाही सांगितलंस. ती म्हणाली, तुमच्या खोऱ्यातले लोक आम्हाला अडाणी म्हणतात. आपण आणखी कशाला हसं करून घ्यायचं.

१६ जानेवारी

मी हे घाबरून लिहीत नाही. घरी माळ पुरी केली. बाकावर, पाचही रहस्यं, शेवटी आमेन, मोठ्याने. दगडातून दहा ठोके, दहा, दहा. थांबले. पुन्हा दहा, दहा, दहा. घरची त्यांना चालत नाही. जिथे सोडली तिथेच पुरी व्हायला हवी.

नाही करणार. माझ्या मनगटावरची माळ मी कुणाच्या हुकमाने ओढत नाही. जिवंतांच्या नाही आणि त्यांच्याही नाही.

रोजचे आकडे मात्र पाठवणार. त्यात खाडा नाही.

२ फेब्रुवारी, मेणबत्त्यांचा सण

मेणबत्त्या आशीर्वादित करून आणल्या. मोजखांबावर दोनशे चार. ठोक्याचा आकडा अकरा.

ओळी खालपर्यंत आल्यात. रोपवेतून जाणारे पाहुणे फोटो काढतात. एक बाई म्हणाली, किती सुंदर, जणू चर्चची बाकं.

५ फेब्रुवारी, संत अगाथाचा सण

अगाथाची भाकरी घराच्या चारही कोपऱ्यांत ठेवली. आग लागू नये म्हणून ठेवतात. बर्फासाठी कुठली भाकरी असते, मला माहीत नाही.

रोपवेचे तान्नास्ट साहेब सकाळी आले. कार्निव्हलच्या आठवड्यासाठी कपेलउताराची वाट उघडायची आहे. शनिवारी, तेराला, सकाळी नऊला, मुलं सोंगं घेऊन येणार, नवे फादर वाटेला आशीर्वाद देणार. मी सांगितलं, उतार आठवडाभर रोज उसासतोय, स्तंभ अकराव्याला तुटतोय, कचेरीने पाचांपैकी चौथ्या पायरीचा धोका लावलाय. ते म्हणाले, कचेरीचा धोका अख्ख्या खोऱ्याचा असतो, वाट उघडायची की नाही ते गाव ठरवतं. बर्फ पाडायला दोनदा सुरुंग लावले, काही आलं नाही. उतार बसलाय, बाई.

बसलाय खरा, मी म्हटलं. गुडघ्यांवर.

ते अल्बानकडे बघून हसले. म्हणाले, तुझ्या घरी फार पुस्तकं आहेत वाटतं. नाही साहेब, मी म्हटलं, एकच आहे, आणि त्यातही जलप्रलयाआधी कुणी ऐकलं नव्हतं.

ते गेल्यावर अल्बान चिडला. आपण इथे नवे, तोंड मिटून राहा, माझं काम जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. बटाटे आहेत.

९ फेब्रुवारी

ठोक्याचा आकडा सहा.

फादरना भेटले. पोलंडचे, तरुण, चांगला माणूस. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, बाई, प्रार्थनेतून वाईट कसं येईल. मी म्हटलं, वाईट नाहीच, फादर. माणसं प्रार्थना संपवून उठतात, यात वाईट काय. खाली कोण उभं असतं, एवढाच प्रश्न.

मग त्यांनी आपणहून सांगितलं. शनिवारी उतारावर मुलांसोबत माळ म्हणणार. पूर्ण नाही, थंडी असते. दोन रहस्यं पुरेत.

दोन. माझी तीन आणि त्यांची दोन.

मी म्हटलं, चर्चमध्ये म्हणा. ते म्हणाले, मुलांना खुल्या आभाळाखाली आवडेल.

१० फेब्रुवारी

कचेरीला सांगितलं. त्यांनी तान्नास्टना फोन केला. तान्नास्टनी ऐकून घेतलं.

पंचायतीत गेले. सचिव म्हणाला, लेखी द्या. दिलं. पाहुण्यांची बुकिंगं झालीत, म्हणाला. लेओनी आत्या माझ्याबरोबर होती. तिने त्याला विचारलं, तुझी धाकटी कोणतं सोंग घेणार. तो म्हणाला, कोंबडीचं. ती म्हणाली, बरं.

आकडा चार.

११ फेब्रुवारी

खळगे आता मोजखांबापाशी आलेत. पहिली ओळ कुंपणाला टेकलीय. आज नोंद घ्यायला ओलांडून जावं लागलं. एक खळगा रिकामा होता, त्यात मी — नाही. त्यात ऊब होती.

१२ फेब्रुवारी

आकडा दोन. मनगटातून दोन.

भट्टीवर दिवसभर ठोके. अल्बान शेजारी झोपायला गेलाय. म्हणाला, तूही चल. मी म्हटलं, घर कुणी राखायचं.

विचार झाला. ते कुणाचं तरी ऐकणारच. उद्या फादरांचं ऐकतील, आणि तेव्हा खाली कोंबड्या, अस्वलं, राजकन्या उभ्या असतील. नऊला.

मग आधी माझं ऐकावं.

हुकूम म्हणून नाही. मी सुरू केली, मी संपवीन. वाट रिकामी असताना.

१३ फेब्रुवारी, शनिवार, पहाट सरताना

शाई गोठते, पेन्सिलीने लिहितेय. वही सोबत आणलीय.

मोजखांब दोनशे एकोणचाळीस. नवा बर्फ नाही. उणे सतरा. आभाळ स्वच्छ. कचेरीला सांगून निघाले. बाईने विचारलं, आज लवकर? म्हटलं, आज काम आहे.

अल्बान, कुणी वर येऊ नये म्हणून लपवलेली रोपवेच्या खोलीची किल्ली पिठाच्या डब्यात आहे. पीठ टाकू नकोस, चाळून घे. रस्सा चुलीवर आहे.

लेओनी आत्या खाली वाटेच्या तोंडाशी काठी घेऊन बसलीय. कुणी आलं तर पाय मोडेन, म्हणाली. तिच्याने होईल.

दांड्यावर पोचले. खड्डा खणायची गरज नाही, जुना तसाच आहे. माझ्या मागे, वरच्या बाजूला, बर्फात एक बारीक चीर गेलीय. काल नव्हती. दांडा पक्का म्हणतात. चीर दांड्याच्या मागून गेलीय.

असू दे.

चौथं. पहिला ठोका देण्याआधीच खालचे — आधी मी. मी म्हणाल्यावर तुम्ही. चर्चमध्ये शिकलात ना.

चौथं झालं. सगळे बरोबर म्हणतात. लहान आवाजही आहेत. एक बाई फार वरच्या पट्टीत, माझी आई म्हणायची तशी. भीती वाटते आहे. वाटू दे, हात चालतोय.

ओळी हलल्या. गुडघे नाही उचललेले, नुसते सरळ झाले, शेवट जवळ आला की लोक होतात तसे.

खाली वाट रिकामी. ऊन अजून यायचंय. आत्या दिसते, एवढीशी. उतारापासून लांब बस म्हटलं होतं. बसलीय.

पाचवं.

तीन.

सहा. चीर रुंद होतेय, पेन्सिल आत जाईल एवढी.

नऊ. थांबा म्हटलं तर थांबलेत. शेवटचा माझा आहे. लिहून मग देते. हे कुणी वाचलं तर कचेरीला सांगा, उतार आपणहून आला नाही, मी आणला, वाट रिकामी असताना, आणि पत्रकात तसंच

दिला. नमो मारिया. आता तेच म्हणताहेत, सगळे, उठत —

आम्हा पाप्यांसाठी, आता आणि आमच्या मरणाच्या